अकरा नारिंगी जोड

दुकानाच्या डाव्या भिंतीवरचं तिसरं फडताळ रिकामं होतं. काल सकाळपर्यंत तिथे नारिंगी बुटांचे खोके होते. तळाला लांब स्टड, म्हणजे खुंट्या असलेले, ओल्या मऊ गवतावर खेळायचे बूट. कुठल्याशा एजंटाने ते बाबांच्या गळ्यात मारले होते. आसपास तसं मैदानच नसल्यामुळे दोन वर्षं ते धूळ खात पडले होते.

"काका, इथले बूट कुठे गेले?"

काका गल्ल्यामागे पेपर वाचत होते. "गेले," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "अकराच्या अकरा. दादाला दोन वर्षांत जमलं नाही ते मी एका दुपारी करून दाखवलं."

"कोणी नेले?"

"हॉस्पिटलच्या सिस्टर लोकांनी. आज फुटबॉलची मॅच आहे त्यांची. सगळ्यांना एकसारखे हवे होते."

"मैदान कसलं आहे, विचारलंत?"

"मग? मी काय दूधखुळा आहे? विचारलं. गवताचं म्हणाल्या, हिरवंगार. गवत म्हटल्यावर गवताचे बूट दिले."

ती गिऱ्हाइकांना बूट घालून बघायच्या बुटक्या स्टुलावर बसली. "ते गवत प्लास्टिकचं आहे, काका. चटईसारखं अंथरलंय."

"हिरवंच आहे ना पण?"

काकांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचले होते. दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि चौदाव्या दिवशी काका डबा घेऊन दुकानात हजर झाले. बोलावलं कोणी नव्हतं. आई म्हणाली, "असू दे. त्यालाही कुठेतरी बसायला हवं." तेव्हापासून ते बसले होते. नुसते बसले असते तर तिची तक्रार नव्हती. पण त्यांनी खोके रंगांप्रमाणे लावले, मापाची पट्टी कुठेतरी जपून ठेवली आणि ती कुठे ते विसरले. आणि काल ती बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरची चुकलेली जन्मतारीख बदलून घ्यायला कचेरीत गेली, तेवढ्यात हे. कचेरीतही काम झालं नव्हतं. कारकुनाने अर्ज उलटापालटा केला आणि दुरुस्तीसाठी संबंधित व्यक्तीची सही लागेल म्हणाला. "संबंधित व्यक्तीच्याच मृत्यूचा दाखला आहे हा," असं तिने तीनदा सांगितलं, तर म्हणाला, "उद्या साहेबांना भेटा."

"त्या सिस्टरांमध्ये एक उंच होती का?" तिने विचारलं. "लहान मुलांच्या वॉर्डातली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली?"

"ती तर सगळ्यांत खूश होती. बूट घालून इथे नाचून दाखवलं तिने."

आता मात्र ती उठली. त्या सिस्टरचा उजवा गुडघा मागच्या वर्षी मैदानातच फिरला होता. आठ महिने ती घरी बसून होती. परत कामावर घेताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा तिथेच काही झालं तर वॉर्डातलं काम विसरायचं, टेबलावर बसून कागद भरायचे. प्लास्टिकच्या गवतात लांब स्टड रुततात आणि सुटत नाहीत. अंग वळतं, पाऊल जागच्या जागी राहतं, आणि मधे असतो गुडघा. बाबा हे कोणाला समजावत बसायचे नाहीत. "हे तुमच्यासाठी नाहीत" म्हणायचे आणि शिडी चढायचे. तिला मात्र सगळं वाचून, विचारून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन शिकावं लागत होतं.

तिने संघाच्या कोचला फोन लावला. कोच म्हणजे हॉस्पिटलचा लिफ्टमन.

"बूट बदलायचे?" तो म्हणाला. "ताई, तासाभरात मॅच आहे. थांबा, तिसरा मजला, उतरा, उतरा. हां, बोला. बूट म्हणजे बूट. आता त्यांचे फोटोसुद्धा काढून झाले."

"मी दुसरे घेऊन येतेय. कोणाला मैदानात उतरू देऊ नका."

"माझं ऐकतंय कोण? लिफ्टमध्येसुद्धा ऐकत नाहीत."

बिलावर काकांनी 'लेडीज, अकरा' एवढंच लिहिलं होतं.

"मापं?"

"ती त्यांनी आपापली बघून घेतली."

चिडायलाही वेळ नव्हता. तळाला आखूड, बारीक रबरी खुंट्या असलेले काळे बूट मागच्या फळीवर होते. ती आठवेल तसे खोके काढत गेली. गोलकीपर म्हणजे मेट्रनबाई, त्यांचं पाऊल पुढे रुंद, अंगठ्याजवळ हाड वाढलेलं. पुढे खेळणारी ती छोटी, तिला बूट पायाला चिकटून बसणारा लागतो, अर्ध्या बोटाचीही ढिलाई चालत नाही. मधे खेळणाऱ्या दोघी मॅचभर धावणार, त्यांना टाचेखाली मऊ हवं. चेहरे तिला नीट आठवत नव्हते, पाय आठवत होते. अंदाज चुकेल म्हणून तिने वीस जोड घेतले आणि दोन पोती भरली.

"मी येतो," काका म्हणाले.

"दुकान?"

"बंद ठेव. नाहीतरी विकायला काय उरलंय? पोत्यातच आहे सगळं."

टॅक्सीत त्यांनी मांडीवर पोतं घेतलं आणि वाटभर सांगत राहिले, की त्यांच्या लहानपणी लोक अनवाणी खेळायचे आणि कोणाचेही गुडघे फिरायचे नाहीत.

मैदानाच्या कडेला सिस्टर रांगेने बसल्या होत्या, बावीस नारिंगी पावलं पुढे पसरून. पोत्यातून काळे बूट बाहेर पडले तशी त्यांची तोंडं उतरली.

"हे? हे तर माझ्या सासऱ्यांचे वाटतात," छोटी म्हणाली.

"सासऱ्यांना पास द्यायला लाव मग," तिची शेजारीण म्हणाली. "तू तर देत नाहीस."

"समोरच्या संघाने आपले नारिंगी बूट बघून ठेवलेत, ताई. आता हे घालून गेलो तर हसतील."

"हसू देत," ती म्हणाली. "घाला."

कोणी हललं नाही. शेवटी मेट्रनबाईंनीच नाडी सोडली. "मला काय, नारिंगी असो नाहीतर जांभळा. अंगठा सकाळपासून ठणकतोय." त्यांनी रुंद काळे बूट घातले, उभ्या राहिल्या आणि रांगेकडे बघितलं. वॉर्डात त्या तशा बघतात तेव्हा काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असावं, कारण एकेक नाडी सुटायला लागली. दुकानदारीण गुडघ्यांवर बसून पुढे सरकत राहिली. अंगठा दाबून बघायचा, टाच खेचून बघायची, पुढची. दोन मापं चुकली, ती बदलली. कोणी मोजे जाड आहेत म्हणालं, कोणाला डावा बूट उजव्यापेक्षा मोठा वाटला. मागून काका सूचना करत होते, त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

शेवटची उंच सिस्टर. तिने पाय मागे घेतले.

"मी नाही बदलत."

"तुमच्यासाठीच तर आलेय मी, सिस्टर."

"काल तुमच्या काकांना मी स्पष्ट विचारलं होतं, गुडघ्याचं सांगून विचारलं. म्हणाले, दादा असता तर त्याने हेच दिले असते." ती शांतपणे बोलत होती. "तुमच्या बाबांनी मला सोळाव्या वर्षापासून बूट दिलेत. त्यांचं मी डोळे मिटून ऐकलं असतं. तुमचं का ऐकू? तुम्ही तर दर वेळी कागद बघून सांगता."

दुकानदारिणीने वळून काकांकडे बघितलं. काका पोत्याच्या तोंडाला गाठ मारत होते. पोतं रिकामं होतं.

"म्हणालो खरा," ते पुटपुटले. "दादाचं नाव घेतलं की लोक पटकन घेतात. मला त्यातलं काही कळत नाही, सिस्टर. मला मीटर कळतात."

संतापाने तिचे कान तापले होते. बाबा असते तर एका शब्दात काम झालं असतं, हे ती दोन महिने दिवसातून दहा वेळा ऐकत होती. आणि ते नाव काकांनी नको त्या बुटांवर चिकटवून विकलं होतं. ओरडायला पुष्कळ होतं. पण पंच घड्याळ बघत होते.

"बाबांनी काय दिलं असतं ते त्यांनाच माहीत," ती म्हणाली. "हे मी देतेय. माझं ऐकू नका, पायाचं ऐका. उभ्या राहा. माझे दोन्ही खांदे धरा. आता टाच न उचलता उजवं पाऊल फिरवा, हळू."

सिस्टरने फिरवलं. नारिंगी बूट हलला नाही. तिचा चेहरा जरासा आखडला आणि हात खांद्यांवर घट्ट झाले.

"आता हा घालून."

काळा बूट घातला. पाऊल फिरलं, प्लास्टिकच्या गवतात पसरलेले रबराचे काळे दाणे बाजूला उडाले. सिस्टरने पुन्हा फिरवून बघितलं. मग खाली बसली आणि दुसऱ्या पायाची नाडी सोडली.

मॅच तासाभराची होती. सिस्टर बचावाला होती, त्यामुळे तिच्याकडे चेंडू सारखा येत होता. समोरची एक धिप्पाड बाई दर वेळी तिच्या अंगावर यायची, ही वळायची. प्रत्येक वळणाला दुकानदारीण श्वास रोखून उजव्या पायाकडे बघत राहायची, आणि पाऊल सुटलं की सोडायची. दोनदा मोठा गलका झाला. तिने नजर हलवली नाही.

"किती झाले?" काकांनी विचारलं. ते चहा आणायला गेले होते.

"मला नाही माहीत."

"तू इथेच होतीस ना?"

"होते."

हरल्या होत्या, दोन शून्य. मेट्रनबाई पंचांना काहीतरी सुनावत होत्या आणि लिफ्टमन त्यांना आवरायचा नुसता आव आणत होता. उंच सिस्टर मैदान ओलांडून दोन्ही पायांवर सारखा भार देत चालत आली. तिचा घाम निथळत होता, कपाळाला आठ्या होत्या.

"हे बूट टाचेला चावतात."

दुकानदारीण खाली बसली. टाचेमागे अंगठा घालून बघितला. जागा कमी नव्हती, वरची कड ताठ होती.

"सोमवारी दुकानात या," ती म्हणाली. "कड मऊ करून देते."

"सोमवारी माझी सकाळची ड्युटी आहे."

"मग संध्याकाळी या. मी असेन."