खरवडलेला खांब

म्हातारा पाणबुड्या सकाळपासून स्वतःवरच खूश होता. बोटी ज्या धक्क्याला लागतात, त्याचे लोखंडी खांब खारं पाणी खातं, आणि याचा उभा जन्म पाण्याखाली तो गंज खरवडण्यात गेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, घरातल्या धाकटीने, खांबांच्या एका रांगेला वीज जोडली. धक्क्यावर एक पेटी, तिच्यातून निघालेल्या तारा, आणि पाण्यात सोडलेल्या कांड्या. गंज खरवडत बसायचं नाही, तो धरूच द्यायचा नाही, असं तिचं म्हणणं. आज तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांना पटलं तर सगळ्या धक्क्याला वीज मिळणार; नाही पटलं तर पेटी भंगारात जाणार.

लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून बापाने काल कुणाला न सांगता बुडी मारली होती. बघतो तर पहिल्या खांबावर चुना फासावा तसा पांढरा, कडक थर! ‘ही कसली खरूज धरली याला?’ असं मनाशी म्हणत त्याने तासणीने तो खांब खरवडून लख्ख केला. टाकीतली हवा संपत आली म्हणून बाकीचे खांब वाचले.

“काय शेठ,” वरून क्रेनवाल्याने हाक दिली, “आज परीक्षा लेकीची आणि घाम तुम्हाला?”

“तू आपला दांडा सांभाळ. माझी पोरगी तुझ्यासारखी काठावर पास होणारी नाही.”

तपासणीच्या बाई आल्या. धाकटीने मीटरची एक तार चिमट्याने खांबाला लावली आणि दुसऱ्या तारेच्या टोकाची नळी पाण्यात सोडली. “आकडा आठशेच्या वर असला की खांब सुरक्षित,” ती म्हणाली. शेवटच्या खांबापासून सुरुवात झाली. नऊशे वीस. नऊशे दहा. पुन्हा नऊशे वीस. बापाची छाती खांबागणिक फुगत होती.

पहिल्या खांबावर आकडा पडला सातशे साठ.

धाकटीने चिमटा काढून पुन्हा लावला, तारेवरून हात फिरवला, नळी वर घेऊन पाहिली. सगळं जागच्या जागी. तरी सातशे साठच. “परवापर्यंत हा खांब सगळ्यांत चांगला होता,” ती पुटपुटली. बाईंनी पेन उघडलं.

पाणबुड्याने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा वर क्रेनकडे. मूग गिळून बसावं, तर पेटी जाणार. बोलावं, तर क्रेनवाला वर्षभर पुरवून पुरवून हसणार. हसू दे लेकाचा!

“बाळ, तो खांब मी काल खरवडला. पांढरं काहीतरी धरलं होतं.”

“बाबा!” धाकटीने कपाळाला हात लावला. क्षणभर तिला रागवावं की हसावं कळेना. मग ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. “अहो, तुम्ही त्याचं पांघरूणच ओढलंत की! वीज लोखंडापर्यंत पोचली की समुद्रातला चुना आपोआप त्याच्यावर बसतो. एकदा तो बसला की थोड्या विजेवर भागतं. काल तुम्ही खांब उघडा केलात, आता त्याला थंडी वाजतेय.”

“मग शेगडी वाढव.”

“वाढवते ना.” ती पेटीकडे गेली आणि तिने बटण जरासं फिरवलं.

“हे सगळं ऐकायला ठीक आहे,” बाई म्हणाल्या, “पण खाली लोखंड शाबूत आहे, हे मी कशावरून मानू?”

पाणबुड्याने पिशवीतून आपला हातमोजा काढला. तळव्याशी तो टर्रकन फाटलेला होता. “हे बघा. वीज जोडली तेव्हा हा खांब नवाच होता, आणि त्याच्या जोडाच्या धारेने माझा असाच मोजा फाडला होता. काल तिथेच पुन्हा फाटला. धार तशीच्या तशी आहे, बाई. त्याच वेळी बसवलेल्या, पण वीज नसलेल्या रांगेत जाऊन बघा, जोड नुसता गुळगुळीत, दात पडलेल्या हिरडीसारखा.”

“बघा म्हणजे? मी बुडी मारू?”

“तुम्ही कशाला? कॅमेरा द्या.”

तो खाली गेला आणि दोन्ही रांगांतले जोड टिपून वर आला. बाईंनी चित्रं जवळ धरून पाहिली. एकात करडं, टणक लोखंड, वर जोडाची कंगोरेदार रेघ. दुसऱ्यात तपकिरी पापुद्रे आणि बोट जाईल एवढा खड्डा. तेवढ्यात धाकटीने मीटरकडे बोट केलं. पहिल्या खांबाचा आकडा हळूहळू चढून आठशे पाच झाला होता.

बाईंनी पेन मिटलं. “सगळ्या धक्क्याला जोडा. आणि ताई, तुमच्या वडिलांकडची तासणी तेवढी लपवून ठेवा.”

क्रेनवाला पोट धरून हसला. “बसा आता घरी, शेठ! पोटच्या पोरीनेच धंदा बुडवला तुमचा.”

“बुडवलाच!” ओल्या अंगाने पाणबुड्या ताठ उभा राहिला आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “एवढ्या वर्षांत समुद्राला जमलं नाही, ते माझ्या धाकटीने करून दाखवलं!”