शाळा सोडण्याचे कारण

फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बॅटरी एकोणचाळीस टक्के होती. डाव्या कोपऱ्यात वेळ, एक वाजून बारा मिनिटं. शुक्रवार पेठेत फिरणाऱ्या प्रत्येक फोटोवर हेच दोन आकडे होते. विजयमाला मॅडमना ते आठ दिवसांपासून ठाऊक होतं.

नववीतल्या फिरदोसचा विज्ञान प्रदर्शनातला फोटो कुणीतरी वर्गातल्या एका मुलाच्या फोटोला जोडून निकाहचं खोटं कार्ड केलं होतं. पाहिलं होतं जेमतेम पाच-सहा जणांनी. फिरदोसनं अगदी मॅडमनी मोबाईल जपून वापरण्याच्या तासाला शिकवल्याप्रमाणे केलं. उलट उत्तर दिलं नाही, काही पुसलं नाही. शाळेत येण्याआधी आईच्या फोनवरून मॅडमना लिंक पाठवली.

मधल्या सुट्टीत मॅडमनी ती उघडली, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट घेतला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. निरीक्षण केलं की तारीख-वेळेसह नोंदवायचं, ही प्रयोगशाळेतली सवय. खाली लिहिलं, ‘पुढे पाठवू नये.’ ग्रुपवर बावीस जण होते. मुख्याध्यापक गुरुलिंग सरांनी लगेच अंगठा टाकला.

कार्ड करणाऱ्यानं ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं. राहिला तो मॅडमच्या फोनवरचा, एक वाजून बाराचा स्क्रीनशॉट; ग्रुपमधून तो पेठभर गेला होता. टेंभुर्णीच्या चुलत्यानं फोन करून फिरदोसच्या अब्बांना, चांदसाबना, विचारलं, की दावत कधी, आम्हाला बोलावणार की नाही? दुसऱ्या दिवसापासून फिरदोस शाळेत आली नाही.

फोटो आपल्याकडून गेला हे रोज सकाळी सांगायचं ठरवून मॅडम निघत. रोज संध्याकाळी तशाच परत येत.

आज तिची आई मुमताज मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती. चांदसाब फाटकाबाहेर रिक्षातच थांबले होते. टेबलावर दाखल्याचा अर्ज होता. दुसरी शाळा कोणती बघितली, असं मॅडमनी विचारलं. शाळा नाही, मुमताज म्हणाली, शिलाईच्या क्लासला घालायचं ठरलंय.

पोरं आजकाल कुणाचं ऐकत नाहीत, कुणाकुणाला बोलणार, असं सर पंख्याकडे बघत म्हणाले. मग अर्ज वर्गशिक्षिकेकडे, म्हणजे मॅडमकडे, सरकवला.

“कारणाच्या रकान्यात ‘पालकांची विनंती’ लिहा. नेहमीचंच आहे.”

मुमताजनं पदर सावरला. “मॅडम, एक इचारू? पोरीनं तुमी शिकवलं तसंच केलं की. मग कुटं चुकली ती? घरात रोज इचारतीय. मला काय सांगता येत न्हाय.”

मॅडमना तो तास आठवला. चंचुपात्रातल्या पाण्यात जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा एक थेंब सोडून त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, आता हा परत काढून दाखवा. सगळे हसले होते. फिरदोस तेवढी ड्रॉपर घेऊन पुढे आली होती आणि तास संपेपर्यंत काढत बसली होती.

“तो फोटू आता सगळीकडनं काढता येतो का?” मुमताजनं विचारलं.

“नाही.”

“मॅडम, सही,” सर हळूच म्हणाले.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. रकाना दोन बोटं रुंद होता. त्यांनी टोपण परत लावलं आणि अर्ज उलटा ठेवला.

“फिरदोस कुठंच चुकली नाही, भाभी. बाहेर फिरतोय तो फोटो माझ्या फोनमधला आहे. मी पाठवला.”