कुलपात जपलेलं स्टेशन

मित्रांनो, मी एका लहान गावाचं जुनं रेल्वे स्टेशन आहे. दगडी पाया, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, लाकडी तुळया आणि एकच प्रतीक्षालय, एवढाच माझा पसारा. गाडी वळणापलीकडे असतानाच तिची थरथर रुळांतून माझ्या पायापर्यंत पोचायची. शिट्टी त्यानंतर ऐकू यायची.

पुढे मोठा रस्ता झाला, उतारू घटले आणि गाडी बंद पडली. रूळही उचलून नेले. शेवटचे स्टेशनमास्तर मात्र गावातच राहिले. गाडी पुन्हा सुरू झालीच, तर सगळं जसंच्या तसं असावं, म्हणून त्यांनी माझ्या खिडक्या घट्ट लावल्या, भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि दाराला कुलूप घातलं. मलाही ते आवडलं. आम्ही दोघंही वाट बघत होतो.

पण चुन्याची भिंत ओल शोषते आणि वारा लागला की सोडून देते. सिमेंटनं तिची बाहेरची वाट अडवली, बंद खिडक्यांनी आतली. ओल आतच मुरत गेली. एक दिवस जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरनं तुळईच्या टोकात खिळा खुपसला. तो सहज आत गेला.

"पुढच्या तपासणीपर्यंत भिंती वाळल्या नाहीत, तर पाडावं लागेल, मास्तर."

"अहो, मी इथे चिमणीसुद्धा येऊ दिली नाही!"

"तेच तर!" मास्तरांची बायको दारातून म्हणाली. "माझी लोकरीची शाल अशीच जपून ठेवलीत. घडीवरच विरली. उघडा आता खिडक्या."

"पोरं घुसतील. भिंती खरडतील."

"खरडू देत की. भिंत राहिली तर खरडतील ना?"

मास्तर कुलपाशी चाळा करत राहिले. "आणि गाडी आली तर?"

ती जवळ आली. हळूच म्हणाली, "रूळ कुठे आहेत हो?"

मास्तरांनी कुलूप बाकावर ठेवलं. त्यांनी खिडक्या उघडल्या.

गवंड्यानं सिमेंट खरवडून काढलं, सुतारानं तुळयांची कुजलेली टोकं बदलली. आता शाळा सुटली की मुलं इथे अभ्यासाला येतात. "ए टोळी, बाकावरचे पाय खाली!" मास्तर खेकसतात, आणि कुणी आलं नाही तर रस्त्याकडे बघत बसतात. इंजिनिअर पुन्हा आला, भिंतीवर तळवा टेकवून म्हणाला, "कोरडी आहे. राहू दे."

गाडीची ओढ मला अजून आहे. पूर्वी माझ्याकडे आलेली माणसं इथून दूर निघून जायची. ही मुलं घरी जातात आणि उद्या परत येतात. त्याची सवय अजून व्हायची आहे.

मित्रांनो, एखादी जुनी इमारत तुम्हाला आवडत असेल, तर तिला नुसतं कुलूप लावू नका. आत या, बसा, थोडा गोंधळ घाला.