हिरवं पातळ

कडूबानं पिशवीतून हिरवं पातळ काढून बाजेवर ठेवलं. त्याचा डावा हात सळईच्या कारखान्यानं अर्धा खाल्ला होता. उरलेल्या बोटांनी तो घडी सरळ करायला गेला, तर ती जास्तच विसकटली. चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या गिरिजानं एकदा तिकडं पाहिलं आणि मान परत परातीत घातली.

"जालन्याहून, मस्तगडच्या दुकानातून आणलं," तो म्हणाला. "पाडव्यालाच येनार व्हतो. सुट्टीच न्हाई भेटली."

पाडवा, म्हणजे बायकोनं नवऱ्याला ओवाळायचा दिवस, होऊन गेला होता. भाऊबीजही परवा झाली. पण वेगळं राहायला लागल्यापासून सासुरवाडीला, वाटूरला, ताठ मानेनं यायची कडूबाची ही पहिलीच खेप होती, तेव्हा दिवस हुकला त्याचं त्याला काही वाटलं नाही.

"आखाडापासून थेंबाला शिवलो न्हाई, गिरजे. शकूची शप्पथ. आता बियाण्याच्या कंपनीत पोती उचलून राह्यलो. एमआयडीसीच्या मागं खोली बी घेतली. पत्र्याची हाय, पन दारात नळ हाय. चल घरी. लेकराला घेऊन चल."

"मागल्या खेपेला बी शकूचीच शप्पथ घेतल्ती," गिरिजा म्हणाली.

आवाजात राग नव्हता, तीच तर पंचाईत! रागावलेल्या बाईची समजूत काढता येते. दारात शकू त्यानं आणलेल्या रेवड्या चोखत उभी होती आणि आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडं बघत होती.

गिरिजानं भाकरी तव्यावर टाकली, हात लुगड्याला पुसला आणि उठून बाजेपाशी आली. पातळाच्या काठावरून तिनं बोट फिरवलं.

"रंग चांगला हाय," ती म्हणाली.

कडूबाच्या जिवात जीव आला. तो पुढं काही बोलणार, तेवढ्यात त्याची सासू चतुराबाई धापा टाकत आत शिरली.

"अगं गिरजे, तलाठी आला! निराधारच्या चौकशीला!" आणि मग जावयाकडं बघून तिनं कपाळाला हात लावला. "अरे देवा! पाव्हणं, तुम्ही आजच यायचं व्हतं का? जा, उठा, मागल्या दारानं..."

त्या एका खणाच्या घराला मागलं दार कुठलं असणार!

"कसली चौकशी?" कडूबानं विचारलं.

गिरिजानं खाली बघत सांगितलं, "नवऱ्यानं टाकलेल्या बाईला सरकार पगार देतं. म्या अर्ज केल्ता, श्रावणात."

टाकलेली! टाकलं कुणी होतं? लेकराला काखोटीला मारून ती स्वतःच निघून आली होती. पण तिला निघायला लावलं कुणी, हेही त्याला ठाऊक होतं.

तलाठी नवा होता, परगावचा. त्याच्यामागं कोतवाल कचरू आला. कचरू गावचाच, कडूबाच्या लग्नात पंगतीला वाढप्या होता. त्यानं बाजेवरच्या माणसाला ओळखलं आणि लगेच अंगणातल्या कोंबड्यांकडं अगदी मन लावून बघू लागला.

"घरात कोण कोण असतं, बाई?"

"म्या, आई न् ही लेक."

"नवरा?"

"जालन्याला असतो."

"आणि हे कोण?" तलाठ्यानं बाजेकडं बोट केलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण कुणी उठलं नाही. कडूबा गिरिजाच्या ओठांकडं बघत राहिला. ती 'मालक' म्हणाली असती तर तिचा पगार गेला असता आणि त्याला त्याचं घर मिळालं असतं. गेला तर जाऊ दे पगार. दोन पोती जास्त उचलीन. म्हण, गिरजे. एकडाव म्हण.

गिरिजानं शकूला जवळ ओढलं.

"भाऊ हाय माझा," ती म्हणाली.

कोतवालानं खोकून घसा साफ केला. तलाठ्याची नजर पातळावर गेली आणि तो हसला.

"भाऊबीज घेऊन आलेत वाटतं. मग ओवाळून घ्या की! आमच्यापायी खोळंबू नका, आम्ही बसतो जरा."

तलाठी माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं.

आता नाही कसं म्हणायचं? चतुराबाईनं पाट मांडला. गिरिजाला भाऊ नव्हता; परवा तिनं रीतीप्रमाणं चंद्राला ओवाळलं होतं, ते ताट फळीवर तसंच होतं. कडूबा पाटावर बसला. डोक्यावर रुमाल टाकला. गिरिजानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. दिवा त्याच्या तोंडापुढून फिरला. एकदा, परत एकदा. कडूबानं हात लांबवून हिरवं पातळ उचललं आणि ताटात ठेवलं.

"घे, ताई," तो म्हणाला.

ती पाया पडायला वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. त्याच्या पावलावर डोळ्यातलं कढत टिपूस पडलं.

"होऊन जाईल काम तुमचं," चहा पिऊन तलाठी म्हणाला आणि कोतवालासोबत निघून गेला.

घरात आता घरचीच माणसं उरली.

"गिरजे..."

"तुम्ही सुधारलात, दिसतंय मला," ती म्हणाली. "पन सरकारचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. तुमचं मला सांगता येत न्हाई. लेकराला रोज भूक लागती."

"आता बोलून काय उपेग?" चतुराबाई डोळे पुसत म्हणाली. "दिव्यादेखत भाऊ केलाय तिनं. आता मला तरी कुठल्या तोंडानं जावई म्हनता यील?"

कडूबानं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

फाट्यापर्यंत शकू त्याच्यासोबत आली, नेहमीसारखी त्याची उरलेली बोटं धरून. जालन्याची जीप भरत होती. पानाच्या टपरीवर तलाठी नि कचरू उभे होते. कडूबा मागं कडेला बसला. एरवी जीप हलली की शकू 'आबा, आबा' करत धुरळ्यात पळायची.

तिनं आधी तलाठ्याकडं पाहिलं, मग जोरात ओरडली, "मामा! जल्दी या, मामा!"

"भाची लाघवी आहे हो!" तलाठी तिकडून म्हणाला.

ड्रायव्हर अजून गिऱ्हाईकाला हाका मारत होता. शकू धावत जीपपाशी आली, टाचा उंचावून तिनं कडूबाच्या कानाशी तोंड नेलं.

"आबा, म्या बराबर म्हनले ना?"

कडूबानं तिच्या गालाला चिकटलेली रेवडीची साखर अंगठ्यानं पुसली.

"बिलकुल बराबर," तो म्हणाला. "असंच म्हणत जाय."