समुद्राकडची खोली

मानासे दरवर्षी ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडायला जायचा, आणि त्याची छोटी मुलगी साने बापाला फोनमधला माणूस समजायची. फोनवर त्याच्याशी तासन्‌तास बडबडायची आणि तो प्रत्यक्ष घरी आला की आईच्या मागे लपायची. त्याच्या बायकोला, लुपेला, ते बघून आधी हसू यायचं, मग रडू.

म्हणून यंदा नवराबायकोने साठवलेलं सगळं ओतून घराला लागून, समुद्राकडे तोंड करून एक खोली बांधली. त्यांच्या वावाऊ बेटाच्या पाण्यात देवमासे आले की त्यांच्याशेजारी पोहायला जगभरचे गोरे येतात. त्यातले थोडे जरी या खोलीत उतरले, तरी मानासेला कुठे जायला लागणार नव्हतं. तोडणीला जाणाऱ्यांची नावं घेणं सुरू झालं होतं. मानासेने आपलं नाव अजून दिलं नव्हतं.

राहिली वेबसाइट. गोरा माणूस आधी फोनवर खोली बघतो आणि मग विमानात बसतो, एवढं लुपेला कळत होतं. मानासेची आतेबहीण हेनी ऑकलंडला असल्या साइट बनवायची. भावाने बहिणीशी मोकळेपणाने बोलू नये अशी बेटावरची रीत, म्हणून तो पायरीवर लांब बसला आणि फोन लुपेच्या हातात आला.

"वहिनी, पहिल्याच पानावर काय दाखवू?"

"देवमासा," मानासे पायरीवरून पुटपुटला.

"हे म्हणतायत देवमासा."

"तो काय सगळ्यांच्याच पानावर असतो. तुमचं स्वतःचं काय ते सांग."

"मग खोली दाखव. खिडकी उघडी, पलंग, आणि खाली माझी चटई."

"आणि तुमच्याविषयी काय लिहू?"

"लिही की बायको चांगला स्वयंपाक करते आणि नवरा घरी असतो." लुपेने नवऱ्याकडे पाहिलं. "घरी असतो, हे नक्की लिही."

हेनीने तारखांचंही एक पान सुचवलं. खोली मोकळी असली तर हिरवं, भरलेली असली तर लाल. रंग लुपेनेच फोनवरून बदलायचे. "सगळं हिरवंच ठेव," लुपे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आईने लग्नात दिलेली बारीक विणीची चटई बाहेर काढली. एरवी मयताला किंवा लग्नालाच निघायची ती. पलंगावर नवी चादर घातली, उशाशी जास्वंद ठेवली, फोटो काढले आणि हेनीला धाडले. इथेच दोघांची मती फिरली म्हणायची. हेनी आईजवळ, म्हणजे मानासेच्या आत्याजवळ राहते, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? बापाच्या बहिणीने बोट दाखवावं आणि वस्तू तिची व्हावी, मग ते डुक्कर असो की चटई, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हे दोघे शहाणे असली खोली सजवून तिच्याच घरी दाखवायला पाठवतात.

रविवारी जेवणं झाल्यावर लेसिएली आत्यांचा फोन आला.

"मानासे, फोटो बघितले रे. रडलेच मी. हेनीला म्हटलं, बघ, भाऊ गेला, पण त्याच्या पोराला माझी आठवण आहे. या वयात आत्याने थंडीत कुडकुडत बसू नये म्हणून त्याने खोली बांधली. माझ्यासाठीच ना रे?"

लुपेने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ती मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडत होती.

"हो आत्या," मानासे म्हणाला. "तुमच्यासाठीच."

पेट्या बोटीने आल्या आणि मागोमाग आत्या आल्या. सानेला बूट, लुपेला शिवणयंत्र, सगळ्यांना मिठ्या. बाई दुष्ट असती तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. पण रात्री त्या सानेला कुशीत घेऊन गाणी म्हणायच्या आणि त्यांचे सुजलेले गुडघे लुपेच चोळून द्यायची.

एकदाच तिने धीर केला. "आत्या, खोली खरं तर पाहुण्यांसाठी…"

"मग मी कोण गं? पाहुणीच की." आत्या खळखळून हसल्या. "परत न जाणारी, एवढंच."

त्या रात्री मानासे म्हणाला, "आणखी एक खोली बांधू."

"कशाने?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोडणीला नाव दिलं.

हेनी मात्र शब्दाची पक्की. तिने साइट सुरेख केली: खिडकी, पलंग, चटई, आणि खाली, नवरा घरी असतो. लगोलग एका जर्मन जोडप्याने खोली मोकळी आहे का म्हणून विचारलं. लुपे फोन घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि एकेक तारीख लाल करत गेली. हंगामाची शेवटची तारीख लाल झाली तेव्हा तिचं बोट दुखत होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाईंनी तिला थांबवलं. "आम्ही बघितलं हो फोनवर. अजून एक देवमासा आला नाही आणि तुमचं सगळं भरलंसुद्धा. देवाची कृपा."

"हो," लुपे म्हणाली. मागे आत्या कौतुकाने मान डोलवत होत्या.

मानासे निघाला त्या सकाळी साने विमानतळाच्या जाळीला नाक लावून उभी होती. ती रडली नाही. विमान वर गेल्यावर तिने आईपुढे हात पसरला.

"आई, फोन दे ना. बाबा त्यात गेले असतील आता."

लुपेने फोन तिच्या हातात दिला.