उशिरा बघणारं यंत्र

हिंजवडीतली नोकरी सोडून मोनिका आपल्या गावी, कोळवणला परत आली, त्याला वर्ष झालं होतं. घरी बसून तिने एक प्रोग्राम लिहिला होता. त्याला एखाद्या कामाचं सॉफ्टवेअर आणि त्या कामाचे थोडे नमुने द्यायचे. तो ते चालवून बघायचा, कुठलं काम पुन्हापुन्हा होतंय ते हेरायचा आणि तेवढ्याच कामासाठी प्रोसेसरचा आराखडा आपोआप काढून द्यायचा.

पहिला प्रोसेसर तिने बचत गटाच्या भातगिरणीतल्या तांदूळ निवडायच्या यंत्रात बसवला. तांदूळ पन्हळीतून घसरत येई, कॅमेरा दाणा न् दाणा पाही आणि खडा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवी. पांढऱ्या इंद्रायणी तांदळाची दहा पोती बिनबोभाट निघाली.

मग गट चालवणारी तिची आत्या, फुलाबाई, स्वतःच्या वावरातला तांबूस तांदूळ घेऊन आली आणि सगळं बिनसलं. खडे तांदळात पडू लागले, चांगले दाणे कचऱ्यात.

"रंगाने गोंधळतंय," मोनिका म्हणाली. दोन दिवस ती रंगाचेच आकडे बदलत बसली. फरक पडेना. शेवटी लॅपटॉप मिटून म्हणाली, "आत्या, उगाच आले मी परत."

वीस वर्षं फुलाबाईने सुपात तांदूळ निवडला होता. ती यंत्राशेजारी पोत्यावर बसली आणि नुसती बघत राहिली. तासाभराने तिने हाक मारली.

"मोने, त्याला खडा वळखू येतोय. पर खडा म्होरं गेल्यावर फुकतंय. मागचा दाणा उडतोय बघ. तुझं यंत्र आंधळं न्हाई, उशिरा बघतंया."

खडा दिसल्यापासून झोत सुटेपर्यंत किती वेळ जातो, ते मोनिकाने घाईने मोजलं. खरंच होतं. पांढरा दाणा सॉफ्टवेअर लगेच सोडून द्यायचं. रंगीत काही आलं, तरच कडा आणि आकार तपासायचं. तिने नमुने दिले होते ते सगळे पांढऱ्या तांदळाचे. ही तपासणी क्वचितच लागते असं धरून प्रोग्रामने प्रोसेसरमध्ये तिची वेगळी सोयच केली नव्हती. आता मात्र ती दाण्यादाण्याला लागत होती आणि झोताला दर वेळी उशीर होत होता.

"चूक माझी, आत्या. मी त्याला एकच तांदूळ दाखवला."

"मग बाकीचा दाव की. हितं काय कमी हायेत?"

दुपारपर्यंत फुलाबाईने नऊ घरांतून वेगवेगळ्या तांदळाच्या नऊ पिशव्या गोळा केल्या. मोनिकाने सगळे दाणे कॅमेऱ्याखाली धरले, नमुन्यांत घातले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. चिप अशी होती की जुना आराखडा पुसून नवा भरता यायचा. चारच्या सुमारास तिने तो भरला आणि गिरणी सुरू केली.

झोत नेमका खड्यावर बसू लागला. फुलाबाईने कचरा तळहातावर पसरला.

"चार दाणे चांगले गेले."

"चार? चालतील का गं?"

"माझ्या हातनं धा जात्यात." ती हसली. "वाल निवडंल का हे?"

"त्याचं सॉफ्टवेअर वेगळं लिहावं लागेल. प्रोसेसर मग आपोआप निघेल."

"मग लिव्ह की. वाल आणते मी."