मांडीतली गाठ

धम्मदीप वानखडे नांदगाव खंडेश्वरचा लाइनमन. सोळा वर्षं खांबावर चढण्यात गेली. मागच्या दिवाळीनंतर कमरेला पट्टा बांधून वर काम करत असताना त्याची डावी मांडी आतून अशी आवळली, की त्याला वर सरकता येईना आणि खाली उतरताही येईना. दहा-पंधरा मिनिटं तो खांबाला मिठी मारून लटकून राहिला. कळ ओसरल्यावर खाली येऊन मांडी चाचपली, तर मांसात खोलवर काहीतरी टणक लागलं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, मग एमआरआय. साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली. "जुना मार असेल, साकळलेलं रक्त असेल, नाहीतर..." म्हणून डॉक्टर थांबले. "अकोल्याला डॉक्टर माधवी देशपांडे आहेत, त्यांना दाखवा. तोवर कोणाला चिरू देऊ नका."

अकोल्याच्या मॅडमनी पाय वाकवून, दाबून पाहिला. "इथे कधी लागलं होतं का?"

"लाइनमनले काय काय लागते मॅडम. कोनतं सांगू?"

त्यांनी सुई घालून तुकडा काढला. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. वाईट पेशी दिसल्या नव्हत्या, पण तुकडा लहान होता, म्हणून खात्री देता येत नव्हती.

"म्हंजे चांगलं का वाईट?" त्याच्या बायकोनं, आरतीनं विचारलं.

"आज तरी यातलं काहीच म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन महिने थांबू, पुन्हा एमआरआय करू."

खरा पेच तिथून सुरू झाला. हपिसात साहेब म्हणाले, "फिट आहेस तर तसं लिहून आण, नाहीतर अनफिट." मॅडम दोन्हीतलं काहीच लिहून देईनात. रोगाला नाव नाही, म्हणून आजारपणाची रजा नाही. फिट म्हणून कागद नाही, म्हणून खांब नाही. शेवटी साहेबांनी त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. लोक विचारायचे, "धम्मदीपभाऊ, तुमी काहून येऊन नाई रायले?" तो म्हणायचा, "ड्युटी बदलली." वडील, डोमाजी, एकच बोलायचे, "आंगात हाये ते काढून फेक ना बापू." कुठून काढायचं आणि काढल्यावर काय उरेल, हे त्यांना कसं सांगायचं ते त्याला कळत नसे. जेवताना, बसताना, फोनवर बोलताना हात आपोआप मांडीवर जायचा. वाढली का? आरती त्याचा हात धरून बाजूला करायची. एकदा ती चिडली. "तुमी तिले पाहून पाहून मोठी करून रायले." आणि मग स्वतःच रडली.

तीन महिन्यांनी ते दोघं पुन्हा अकोल्याला गेले. मॅडमनी जुन्या आणि नव्या फिल्म शेजारी शेजारी लावल्या. "तेवढीच आहे. वाढली नाही, कमीही झाली नाही."

"मंग काढून टाका न."

"काढता येईल. पण ती स्नायूच्या मधोमध आहे. आजूबाजूचं मांस बरंच जाईल. तुम्ही चालाल, पण खांबावर चढणं संपलं. आणि कदाचित ती साधीच निघेल. नाही काढली, तर दर तीन महिन्यांनी इथे यायचं."

धम्मदीप उठून फिल्मजवळ गेला. त्यातला तो पांढरा ठिपका त्याच्याच पायात आहे, हे त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"तुमचा पाय असता तर मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "थांबले असते. आणि झोप लागली नसती."

इतक्या महिन्यांत कोणी त्याच्याशी इतकं खरं बोललं नव्हतं. "मंग मीबी थांबतो," तो म्हणाला. आरतीनं पुढची तारीख कागदावर लिहून घेतली.

बसस्टँडवर ते गाडीची वाट पाहत बसले असताना फोन वाजला. त्याच्या जागी खांबावर जाणारा हपिसातला योगेश होता. माळावरचा खांब, तार तुटलेली, आणि कोणत्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, लाइन येते ते त्याला समजेना. धम्मदीप उठून बाजूला गेला. डोळे मिटले तरी त्या लाइनचा खांबन् खांब त्याच्यासमोर उभा होता.

"पयले देवळामागची डीपी बंद कर," तो सावकाश सांगू लागला. "अर्थिंग लावलं का? नाई? लाव. मी फोनवर हाये. लावल्याबिगर चढू नको."

आरती गाडी लागल्याची खूण करत होती. त्यानं हातानंच तिला थांबायला सांगितलं, आणि योगेश खाली सुखरूप उतरेपर्यंत फोन ठेवला नाही. तोवर गाडी निघून गेली. पुढची पाऊण तासानं होती.